कॉलममध्ये आकडे दिसतात म्हणून ते आकडेच असतात का? चलांचे प्रकार आणि डेटाची मांडणी

निरगाठ

नमस्कार मंडळी.

दुसऱ्यांनी गोळा केलेला डेटा साफ करून त्यातून उत्तरं काढून देणं हे माझं रोजचं काम. नामदर्शक, क्रमदर्शक, खंडित, अखंड हे चलांचे (नोंदीगणिक बदलणाऱ्या गोष्टींचे) प्रकार कॉलेजात पहिल्याच आठवड्यात शिकवतात, परीक्षेत दोन मार्कांना येतात आणि नंतर सहसा कुणी त्यांच्याकडे वळून बघत नाही. मीही बघत नव्हते. मागच्या महिन्यात माझ्या हातून एक चूक झाली आणि तेव्हापासून तो धडा मी पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचतेय. बरंच काही नव्याने कळतंय, म्हणून हा धागा.

चूक अशी. एका सेवेबद्दल लोक किती समाधानी आहेत याची पाहणी होती. १ म्हणजे अजिबात समाधानी नाही, ५ म्हणजे पूर्ण समाधानी. माझ्याकडे आलेल्या फाइलमधल्या पहिल्या दहा नोंदी या:

४, ३, ९, २, ५, ९, ४, ३, १, ४

मी सरासरी काढली. या दहांची ४.४ येते, पूर्ण फाइलचीही त्याच्या आसपासच होती. अहवालात लिहिलं, 'समाधानाची पातळी ५ पैकी ४.४'. वाचणाऱ्या एकाने विचारलं, लोक एवढे समाधानी आहेत तर निम्म्यांनी शेवटच्या रकान्यात तक्रार का लिहिली आहे? मग फाइल पुन्हा उघडली. मोजपट्टी पाचापर्यंतच, तर हे ९ आले कुठून? मूळ प्रश्नावलीच्या तळाशी बारीक अक्षरात होतं: ९ = उत्तर दिलं नाही. ते दोन ९ काढले की उरलेल्या आठ जणांची बेरीज २६ आणि सरासरी ३.२५. म्हणजे जे काहीच बोलले नव्हते त्यांना मी सगळ्यात जास्त समाधानी ठरवून बसले होते.

सॉफ्टवेअरने कुठेही हरकत घेतली नाही, आणि घेणार तरी कशी? त्याच्या लेखी तो पूर्णांकांचा कॉलम. ४ जसा पूर्णांक तसा ९.

तेव्हापासून मी प्रत्येक कॉलमचे दोन प्रकार मनात वेगळे धरते. एक साठवणीचा प्रकार: पूर्णांक, दशांश संख्या, मजकूर, तारीख, हो-नाही. हा फाइल उघडली की दिसतो. दुसरा मोजमापाचा प्रकार, म्हणजे ती नोंद नेमकं काय सांगते: नुसतं नाव, क्रम, अंतर की प्रमाण. हा फाइलमध्ये कुठेच लिहिलेला नसतो. ज्याने मोजलं त्याच्या डोक्यात किंवा प्रश्नावलीच्या कागदावर असतो. दोन्ही प्रकार बरेचदा एकमेकांना साजेसे असतात आणि तिथेच आपण गाफील राहतो. नोंदणी क्रमांक पूर्णांक दिसतो, पण ते नाव आहे. ००४५१२ मधली पुढची दोन शून्यं उडाली की ते दुसरंच नाव होतं. उलटही घडतं. 'कमी, मध्यम, जास्त' हा मजकूर म्हणून साठवलेला असतो, पण त्यात क्रम आहे, आणि सॉफ्टवेअर मात्र तो अक्षरांच्या क्रमाने लावून 'कमी, जास्त, मध्यम' करून ठेवतं.

कॉलम कसला आहे हे कळत नसेल तर मी दोन प्रश्न विचारते. दोन नोंदींची वजाबाकी केली तर उत्तराला काही अर्थ आहे का? भागाकार केला तर? नोंदणी क्रमांकांच्या वजाबाकीतून काहीच निघत नाही. समाधानाच्या कोडांत ४ वजा ३ हे २ वजा १ एवढंच आहे का, हे छातीठोक सांगता येत नाही. तापमानात वजाबाकी चालते, भागाकार चालत नाही: २० अंश सेल्सिअस हे १० अंशांच्या 'दुप्पट गरम' नसतं, कारण सेल्सिअसचं शून्य आपण पाण्याच्या गोठणबिंदूला ठेवलेलं आहे. तीच दोन तापमानं केल्विनमध्ये २८३.१५ आणि २९३.१५ होतात, म्हणजे दुसरं पहिल्यापेक्षा जेमतेम साडेतीन टक्क्यांनी जास्त. लांबी, वजन, कालावधी यांना खरं शून्य असतं, तिथे दोन्ही क्रिया चालतात.

खंडित आणि अखंड याबद्दल थोडक्यात. माणसांची संख्या खंडित, उंची अखंड. व्यवहारात अखंड गोष्टही आपण तुकड्यांतच मोजतो, वय पूर्ण वर्षांत लिहितो. त्यामुळे हा भेद मला इतरांइतका त्रास देत नाही.

तुम्ही मंडळी मोजमापाचा प्रकार कुठे नोंदवून ठेवता? आणि अशा चुका तुमच्याही झाल्या असतील तर कृपया सविस्तर लिहा.

तळटीप

फार चांगला विषय, आणि ते दहा आकडे दिलेत त्याबद्दल खास आभार.

थोडी पूर्वपीठिका देतो. नामदर्शक, क्रमदर्शक, अंतरदर्शक आणि गुणोत्तरदर्शक ही चौकडी स्टॅन्ली स्मिथ स्टीव्हन्स या मानसशास्त्रज्ञाने १९४६ साली 'सायन्स' नियतकालिकातल्या लेखात मांडली. त्यामागे एक वाद होता. आवाज किती मोठा वाटला, उजेड किती प्रखर वाटला अशा संवेदना खरोखर 'मोजता' येतात का, यावर ब्रिटिश वैज्ञानिकांच्या एका समितीने सात वर्षं खल केला आणि त्यांचं एकमत झालं नाही. स्टीव्हन्सने प्रश्नच फिरवला. मोजता येतं की नाही हे सोडा, आकडे कसे बदलले तरी त्यांतली माहिती शाबूत राहते ते बघा.

पाठ्यपुस्तकात नेमका हाच भाग गाळलेला असतो. तिथे चार व्याख्या येतात, पण त्या कुठून आल्या ते येत नाही. नामदर्शक पट्टीत १, २, ३ च्या जागी ७, ४, ९ लिहिले तरी बिघडत नाही, फक्त दोघांना एकच नाव पडता कामा नये. क्रमदर्शक पट्टीत क्रम टिकला की पुरे. अंतरदर्शक पट्टीत सगळ्यांना एकाच संख्येने गुणून त्यात एक संख्या मिळवता येते, सेल्सिअसचं फॅरेनहाइट करताना आपण तेच करतो. गुणोत्तरदर्शक पट्टीत फक्त गुणता येतं, मीटरचे सेंटिमीटर करतो तसं.

याचा उपयोग काय ते एका छोट्या हिशेबाने दाखवतो. दोन गट घ्या. पहिल्या गटाची उत्तरं २, २, २. दुसऱ्याची १, १, ३. सरासरी अनुक्रमे २ आणि १.६७, म्हणजे पहिला गट पुढे. आता हे कोड क्रमदर्शक आहेत, म्हणून १, २, ३ ऐवजी मी १, १०, १०० लिहितो. क्रम जसाच्या तसा आहे, काहीही हरवलेलं नाही. पहिल्या गटाची सरासरी १०, दुसऱ्याची ३४. दुसरा गट पुढे! माणसं तीच, मतं तीच, फक्त कोड बदलले आणि निकाल उलटला. मध्यक, म्हणजे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारी नोंद, बघा: आधी २ आणि १, नंतर १० आणि १. दोन्ही वेळा पहिलाच गट पुढे. म्हणून क्रमदर्शक चलासाठी मध्यक घ्यायचा आणि नामदर्शकासाठी बहुलक (सगळ्यात जास्त वेळा आलेली नोंद). हे नियम पाठ करण्यापेक्षा हा हिशेब एकदा हाताने करून बघावा.

दशांश

तळटीप, हिशेब अगदी चोख आहे. तरीही माझा थोडा विरोध आहे आणि तो नोंदवतो.

स्टीव्हन्सच्या पट्ट्या 'कोणती क्रिया कायदेशीर' याच्या यादीसारख्या वापरल्या की नुकसान होतं. फ्रेडरिक लॉर्ड या संख्याशास्त्रज्ञाने १९५३ साली याच मुद्द्यावर एक काल्पनिक गोष्ट लिहिली. एक प्राध्यापक खेळाडूंच्या पाठीवर लावायचे क्रमांक यंत्रातून वाटत असतो. नवख्या विद्यार्थ्यांची तक्रार येते की आम्हाला मुद्दाम लहान क्रमांक दिले. पाठीवरचा क्रमांक म्हणजे नामदर्शक चलाचं अगदी पुस्तकी उदाहरण, त्याची सरासरी काढायची नाही. पण 'यंत्राने पक्षपात केला का' या प्रश्नाचं उत्तर त्या क्रमांकांची सरासरी काढूनच मिळतं, आणि गोष्टीतला संख्याशास्त्रज्ञ तेच करतो. आपण कुठून आलो हे आकड्यांना ठाऊक नसतं, असं तो प्राध्यापकाला सांगतो.

म्हणून माझं म्हणणं असं की चलाचा प्रकार कॉलमच्या कपाळावर कोरलेला नसतो, तो तुमच्या प्रश्नाबरोबर ठरतो. वय घ्या. 'किती वर्षं जगला' असं विचारलं तर गुणोत्तरदर्शक. 'मतदान करू शकतो का' असं विचारलं तर दोन खणांचं नामदर्शक.

शिवाय चार खण पुरतही नाहीत. फ्रेडरिक मॉस्टेलर आणि जॉन ट्युकी यांनी १९७७ मध्ये वेगळी यादी दिली: नावं, श्रेणी, क्रमांक, मोजून काढलेले अंश, मोजदाद, राशी आणि ऋण-धन दोन्ही होऊ शकणारी शिल्लक. रोजच्या कामात ही जास्त उपयोगी पडते. शंभरातले किती बरोबर आले, या टक्केवारीचंच बघा. स्टीव्हन्सच्या हिशेबाने तिला खरं शून्य आहे, म्हणजे ती गुणोत्तरदर्शक. पण ती १०० च्या पुढे जाऊ शकत नाही, आणि ५० वरून ५१ होणं व ९८ वरून ९९ होणं यांत फार फरक असतो: दुसऱ्या वेळी उरलेल्या चुका निम्म्यावर आलेल्या असतात.

समाधानाच्या कोडांबद्दल: रेन्सिस लिकर्टने १९३२ मध्ये ही पद्धत मांडली तेव्हा एकाच विषयावरच्या अनेक विधानांचे गुण एकत्र करायची कल्पना होती. दहा-पंधरा विधानांच्या एकत्रित गुणांची सरासरी मी बिनधास्त काढतो. एकट्या प्रश्नाची मात्र काढत नाही. तिथे किती जणांनी १ म्हटलं, किती जणांनी २, हे पाचही स्तंभ दाखवतो.

निरगाठ

@दशांश, प्रकार प्रश्नाबरोबर ठरतो हे पटलं. पण एक गोष्ट राहते. माझ्या ९ चा प्रकार कोणत्याही प्रश्नाने बदलणार नव्हता. ती त्या पट्टीवरची नोंदच नव्हती. एकाच कॉलममध्ये दोन वेगवेगळी चलं बसवली होती: 'उत्तर दिलं का' हे एक, आणि 'दिलं असेल तर किती' हे दुसरं. आता मी फाइल हातात आली की आधी त्यांचे दोन कॉलम करते. उत्तर न देणारे कोण होते हेही त्यामुळे तपासता येतं. त्या पाहणीत ते एकाच वयोगटात जास्त निघाले.

अर्धविराम

मी या क्षेत्रात नवीन आहे, सगळं मन लावून वाचतोय. वाचनखूण साठवली आहे.

माझी एक अडचण इथे बसते का बघा. तक्रारींची मोठी फाइल आहे, त्यात 'तक्रारीचा प्रकार' हा मराठी मजकुराचा कॉलम. प्रकार ३८ ठरलेले आहेत. पॅन्डाजमध्ये (डेटा हाताळायचं पायथनमधलं साधन) मोजले तर ४१ येतात. यादी काढून बघितली तर तीन प्रकार दोनदा आलेत: 'फेऱ्यांना उशीर', 'पायऱ्या तुटलेल्या' आणि 'दुसऱ्या विभागाकडे'. दोन्ही जागी अक्षर न् अक्षर सारखं दिसतं. पुढे-मागे रिकामी जागा असेल म्हणून ती काढून टाकली, तरी ४१ च. दोन दिवस यातच गेले. कुणी सांगू शकेल का?

पाणवठा

@अर्धविराम, तिन्ही शब्दांत काय सारखं आहे ते बघा. तिन्हींत चंद्रकोरीसारखा अर्धा र आहे: ऱ्य.

हा आकार संगणकात एकाहून जास्त प्रकारांनी लिहिता येतो. 'फेऱ्या' हाच शब्द घ्या. एका कीबोर्डवरून तो असा साठतो: फ, एकाराची मात्रा, खाली टिंब असलेला ऱ, हलन्त, य, काना. सहा चिन्हं. दुसऱ्या कीबोर्डवरून असा: फ, मात्रा, साधा र, हलन्त, एक अदृश्य जोडचिन्ह, य, काना. सात चिन्हं. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे. फाइलमध्ये पहिला १८ बाइटचा आणि दुसरा २१ बाइटचा, कारण यूटीएफ-८ मध्ये (अक्षरं बाइटांत साठवायची रूढ पद्धत) देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं आणि ते अदृश्य जोडचिन्हही तीनच घेतं. संगणक बाइट बघतो. त्याच्या दृष्टीने हे 'आंबा' आणि 'आबा' इतकेच वेगळे शब्द.

रिकामी जागा काढणारी आज्ञा त्या जोडचिन्हाला हात लावत नाही, कारण ते शब्दाच्या पोटात आहे आणि रिकामी जागा म्हणून गणलंही जात नाही.

आधी खात्री करून घ्या: दोन्ही नोंदींची लांबी मोजा. सहा-सात असा एकाचा फरक आला की हेच. मग संपूर्ण कॉलममध्ये 'र, हलन्त, जोडचिन्ह' या तिघांच्या जागी 'ऱ, हलन्त' घाला. सरसकट सगळी जोडचिन्हं पुसू नका. ती पुसली तर 'र्‍य' चा 'र्य' होईल, रफार वर जाईल आणि शब्दच बदलेल. 'आचार्यांना' आणि 'आचाऱ्यांना' यांत केवढा फरक आहे!

अर्धविराम

लांबी खरंच वेगळी आली! पहिल्या दोन्ही प्रकारांत एक-एक चिन्हाचा फरक. बदल करून बघतो आणि कळवतो. मनापासून आभार.

शून्यशेष

धागा आता साठवणीकडे वळलाच आहे तर संख्या आणि तारखांबद्दल लिहितो. माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त नुकसान तिथे होतं, कारण बदल कुणी न सांगता होतो.

सगळ्यांना माहीत असावं असं उदाहरण जनुकांच्या नावांचं. मानवी जनुकांत 'मार्च१', 'सेप्ट२' अशी लघुनावं होती. एक्सेलमध्ये टाकली की त्यांची तारीख व्हायची, १ मार्च, २ सप्टेंबर. २०१६ साली एका अभ्यासात दिसलं की एक्सेलच्या जनुक-याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण एक पंचमांशांत अशा चुका शिरल्या होत्या. शेवटी २०२० मध्ये जनुकांना नावं देणाऱ्या समितीने नावंच बदलली: 'मार्चएफ१', 'सेप्टिन२'. नामदर्शक चलाला सॉफ्टवेअरने तारीख समजलं आणि विज्ञानाला नावं बदलावी लागली. मला हे आजही अस्वस्थ करतं.

तारीख ही आतून संख्याच असते. एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० म्हणजे १, आणि पुढे रोज एक वाढतो. ६० हा आकडा तिथे २९ फेब्रुवारी १९०० दाखवतो, जो दिवस कधी उगवलाच नाही, कारण १९०० लीप वर्ष नव्हतं. लोटस १-२-३ या जुन्या सॉफ्टवेअरमधली ही चूक, त्याच्या फाइली चालाव्यात म्हणून जाणूनबुजून तशीच ठेवली गेली. १९०४ पासून मोजणारी दुसरी पद्धतही आहे. दोन पद्धतींच्या फाइलींमधल्या तारखा नुसत्या आकड्यांसह एकत्र केल्या तर १४६२ दिवसांची तफावत पडते. चार वर्षं आणि एक दिवस. तारखा चार वर्षांनी मागेपुढे दिसल्या की आधी हे तपासा.

लांबलचक क्रमांक संख्या म्हणून कधीही साठवू नका. एक्सेल १५ अर्थपूर्ण अंक जपतं, सोळा अंकी क्रमांकाचा शेवटचा अंक शून्य होतो. फाइल जतन केली की तो कायमचा गेला.

आणि दशांश संख्या. संगणक ०.१ नेमका साठवू शकत नाही, जसा आपल्याला एक तृतीयांश दशांशात नेमका लिहिता येत नाही. म्हणून ०.१ आणि ०.२ यांची बेरीज ०.३ आहे का असं विचारलं तर बहुतेक भाषा 'नाही' म्हणतात. बेरीज येते ०.३०००००००००००००००४. एवढ्याने काय होतं, असं वाटेल. २५ फेब्रुवारी १९९१ रोजी सौदी अरेबियात धहरान इथे पॅट्रियट क्षेपणास्त्र यंत्रणेला येणारं स्कड क्षेपणास्त्र अडवता आलं नाही आणि २८ सैनिक मेले. यंत्रणेचं घड्याळ सेकंदाच्या दशांशांत चालत होतं, आणि तो ०.१ चोवीस बिटांत छाटून ठेवला होता. दर दशांशामागे चूक साधारण ०.०००००००९५ सेकंद. पण यंत्रणा सुमारे १०० तास सलग सुरू होती, म्हणजे ३६ लाख दशांश. चूक साठत साठत ०.३४ सेकंदांवर गेली, आणि तेवढ्या वेळात स्कड अर्धा किलोमीटरहून पुढे जातं.

तळटीप

+१. शेवटच्या उदाहरणानंतर काही लिहवत नाही.

निरगाठ

शून्यशेष, रिकाम्या नोंदींबद्दल पण सांगा ना. पॅन्डाजमध्ये माझा नोंदणी क्रमांक परवा '४५१२.०' झाला होता.

शून्यशेष

तुमच्या कॉलममध्ये एक तरी जागा रिकामी असणार. पॅन्डाजच्या नेहमीच्या पूर्णांक प्रकारात 'रिकामं' दाखवायची सोयच नाही. दशांश प्रकारात 'संख्या नाही' असं एक खास चिन्ह आहे. म्हणून एक रिकामी जागा आली की अख्खा कॉलम दशांश होतो आणि प्रत्येक क्रमांकाला '.०' लागतं. २०१९ पासून रिकामी जागा चालणारा पूर्णांक प्रकार वेगळा मिळतो. पण तुमचं चल नाव आहे, संख्या नाही, तेव्हा फाइल वाचतानाच मजकूर म्हणून वाचा. '००४५१२' ची शून्यंही वाचतील.

त्या 'संख्या नाही' चिन्हाचा स्वभावही लक्षात ठेवा: ते स्वतःशीही समान नसतं. रिकाम्या नोंदी 'बरोबर' चिन्हाने शोधल्या तर एकही सापडत नाही. आणि देशांच्या दोन अक्षरी कोडांत नामिबियाचा कोड 'एनए' आहे. रोमन लिपीतली ती दोन अक्षरं वाचली की पॅन्डाज त्यांना 'उपलब्ध नाही' समजून जागा रिकामी करतं. वेगळं सांगितलं नाही तर सगळा नामिबिया तुमच्या विश्लेषणातून निघून जातो.

दशांश

यात आर या संख्याशास्त्राच्या संगणकभाषेची एक भर. तिथे श्रेणींचा कॉलम 'फॅक्टर' म्हणून साठतो, म्हणजे आत १, २, ३ असे कोड आणि बाजूला नावांची यादी. कॉलममध्ये ५, १०, २० हे आकडे मजकूर म्हणून आले आणि त्यांचा फॅक्टर झाला, तर नावं अक्षरक्रमाने लागतात: १०, २०, ५. आता त्याला सरळ संख्येत बदला म्हटलं की १० चा १ होतो, २० चा २ आणि ५ चा ३. पूर्वी आर फाइल वाचताना प्रत्येक मजकुराचा आपणहून फॅक्टर करत असे. २०२० च्या ४.० आवृत्तीपासून ते थांबलं, पण जुन्या कोडात अजून सापडतं.

रक्तगटासारखं नामदर्शक चल प्रतिमानात (मॉडेलमध्ये) घालतानाही हाच धोका आहे. ए, बी, एबी, ओ यांना १ ते ४ कोड देऊन तसंच घातलं की प्रतिमान ओ ला ए च्या चौपट धरून चालतं. तिथे हो-नाहीचे तीन कॉलम करायचे. चौथा लागत नाही, तिन्ही 'नाही' म्हणजे चौथा गट.

ओंजळ

मी आलेख काढते, त्यामुळे या सगळ्याच्या शेवटच्या टोकाला असते. चलाचा प्रकार चुकला की चूक माझ्याकडे डोळ्यांना दिसते, म्हणून लिहावंसं वाटलं.

स्तंभालेख कसा जन्माला आला तेच बघा. विल्यम प्लेफेअरने १७८६ मध्ये व्यापाराचे आलेख छापले. बहुतेक देशांचा वर्षानुवर्षांचा डेटा त्याच्याकडे होता, तिथे त्याने रेषा काढल्या. स्कॉटलंडचा मात्र एकाच वर्षाचा मिळाला: सतरा ठिकाणांशी झालेली आयात आणि निर्यात. सतरा ठिकाणांना रेषेने जोडायचं तर मधे काय आहे? काहीच नाही. म्हणून त्याने प्रत्येक ठिकाणाला स्वतंत्र पट्टी दिली. नामदर्शक चलाला रेषा शोभत नाही हे त्याला या शब्दाच्या दीडशे वर्षं आधी उमगलं होतं. आजही विभागांची नावं आडव्या अक्षावर आणि वर चढ-उतारांची रेषा असे आलेख माझ्याकडे येतात, आणि बघणारा नसलेला 'कल' वाचून मोकळा होतो.

स्तंभालेख आणि आयतालेख यांची गल्लत ही दुसरी. स्तंभालेखात स्तंभांची अदलाबदल चालते, मधे फट असते. आयतालेखात अक्ष हा अखंड चलाचा असतो, आयत एकमेकांना चिकटलेले असतात आणि क्रम हलवता येत नाही. वर्गांतर, म्हणजे एकेका आयताची रुंदी, किती घ्यायचं याला एकच बरोबर उत्तर नाही. मी तीन-चार वेगवेगळ्या वर्गांतरांनी काढून बघते. एका वर्गांतरात दिसणारी दोन शिखरं दुसऱ्यात विरघळली तर त्यांच्यावर विश्वास ठेवत नाही.

क्लीव्हलँड आणि मॅकगिल यांनी १९८४ मध्ये प्रयोग करून दाखवलं की एकाच अक्षावरची जागा माणूस सगळ्यात अचूक वाचतो, मग लांबी, त्यानंतर कोन, आणि क्षेत्रफळ व रंगछटा त्याहून मागे. संख्यात्मक चल म्हणून जागेवर किंवा लांबीवर बसवावं. वृत्तालेखात ते कोनावर बसतं, तिथे २३ आणि २६ टक्के डोळ्यांना सारखेच वाटतात. रंग मी नामदर्शक चलासाठी राखते. क्रमदर्शक असेल तर एकाच रंगाची फिकट ते गडद चढण.

आणि सरासरी कितीही रास्त असली तरी आलेख काढाच. फ्रान्सिस अँस्कोंबने १९७३ मध्ये अकरा-अकरा बिंदूंचे चार संच दिले. चारही संचांत एका चलाची सरासरी ९, दुसऱ्याची ७.५, सहसंबंध ०.८१६. काढून बघितलं तर एक सरळ रेषेभोवती विखुरलेला, एक स्वच्छ वक्र, एकात एकच बिंदू रेषा ओढून नेणारा, आणि एकात दहा बिंदू एकावर एक उभे व अकरावा लांब कोपऱ्यात. हे आकडे कुठेही मिळतात, एकदा स्वतः काढा.

पाणवठा

ओंजळ, सुरेख प्रतिसाद. कुठल्याच यादीत न बसणारा एक प्रकार राहिला, गोल फिरणारं चल. वाऱ्याची दिशा. ३५० अंश आणि १० अंश, दोन्ही जवळपास उत्तरेकडून येणारे वारे. साधी सरासरी १८०, म्हणजे थेट दक्षिण. रात्री ११ आणि रात्री १ यांची सरासरी दुपारी १२ येते, तीही याच कारणाने. वजाबाकीला अर्थ आहे, पण पट्टीची दोन टोकं एकमेकांना जोडलेली आहेत. इथे प्रत्येक कोनाच्या ज्या आणि कोज्या (साइन आणि कोसाइन) काढून त्यांची वेगवेगळी सरासरी घ्यायची आणि त्यातून परत कोन काढायचा. ३५० आणि १० चं उत्तर मग ० येतं. वेळेचा आलेखही मी २४ वर तोडत नाही. रात्रीच्या घटना असतील तर अक्ष दुपारी १२ पासून सुरू करतो, म्हणजे मध्यरात्रीचा डोंगर दोन टोकांना अर्धा-अर्धा पडत नाही.

निरगाठ

सगळ्यांचे मनापासून आभार. इथलं वाचून मी माझ्या कॉलम-नोंदवहीत तीन रकाने वाढवले: मोजमापाचा प्रकार, रिकाम्याचा कोड, आणि 'कोणत्या क्रिया करायच्या नाहीत व का'. त्या जुन्या पाहणीची ओळ आता अशी आहे: समाधान, साठवण पूर्णांक, क्रमदर्शक, १ ते ५, ९ म्हणजे उत्तर नाही, वेगळा कॉलम करावा, एकट्या प्रश्नाची सरासरी काढू नये, पाचही स्तंभ दाखवावेत. दुरुस्त अहवालही पाठवला, चूक काय होती ते पहिल्या पानावर लिहून.

अर्धविराम

पाणवठा, तुम्ही सांगितल्याप्रमाणे बदल केला. ४१ चे ३९ झाले. 'फेऱ्यांना उशीर' आणि 'पायऱ्या तुटलेल्या' एक झाले, 'दुसऱ्या विभागाकडे' मात्र अजून दोन. एक-एक चिन्ह छापून बघितलं तर एका नोंदीत जोडचिन्ह नाहीच: साधा र, मग सुटं नुक्ताचिन्ह (खालचं टिंब), मग हलन्त. हा तिसरा प्रकार म्हणायचा का?

पाणवठा

हो, तोही चालणारा प्रकार आहे. पण त्याला वेगळा बदल लिहायला नको. युनिकोडमध्ये (संगणकावरच्या लिप्यांचं प्रमाण) सुटा र अधिक नुक्ता आणि एकसंध ऱ हे समान मानलेले आहेत. कॉलमवर युनिकोडचं सामान्यीकरण (नॉर्मलायझेशन) चालवा, ते दोन आपोआप एक होतील. जोडचिन्हाच्या रूपाला मात्र ते हात लावत नाही, म्हणून तुमची आधीची पायरीही ठेवा.

अर्धविराम

३८!